दिवाळीत गुंगीचं औषध दिलेल्या कुत्र्याला फटाके आठवतात कसे?

सुंठसाखर
आमच्याकडे गोट्या आहे. गावठी, तपकिरी, एक कान कायम पडलेला. फटाक्यांना भयंकर भितो. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी गुंगीच्या गोळ्या दिल्या. गोळी पोटात गेली की थोड्या वेळात मान टाकायचा. बाथरूमच्या कोपऱ्यात पडून, डोळ्यांवर आतल्या कोपऱ्यातून तो पांढुरका पडदा अर्धा सरकलेला, फरशीवर लाळेचं थारोळं. बाहेर हजाराची माळ लागली तरी हलायचा नाही. आम्हाला वाटलं, चला, बिचाऱ्याची दिवाळी झोपेत गेली.

यंदा गणपतीतच त्याचं सुरू झालं. पूर्वी सुतळी बॉम्बला घाबरायचा, आता लांब कुठेतरी लवंगी वाजली तरी थेट बाथरूम. कोणी काडेपेटी खुळखुळवली तरी तेच. म्हणजे भीती कमी व्हायची सोडून वाढली.

माझा प्रश्न असा की एवढी गुंगी होती तर त्याच्या लक्षात राहिलं काय आणि कसं? मला मागे एंडोस्कोपीच्या आधी इंजेक्शन दिलं होतं. त्या वेळात मी म्हणे डॉक्टरांशी छान गप्पा मारल्या, मला त्यातलं अक्षरही आठवत नाही. मग गोट्यालाच का आठवतंय? इथे पशुवैद्य, औषधशास्त्रवाले आहेत, जरा उजेड पाडा. (डोस विचारत नाहीये, तो आमच्या डॉक्टरांकडूनच घेणार.)

फुकटसल्ला
डॉक्टरांशी काय बोललात ते आधी शोधून काढा. गोट्याचं नंतर बघू.

बोरघाट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमची मांजर पिंजऱ्याची कडी वाजली की माळ्यावर, तिलाही दर वेळी डॉक्टरकडे नेण्याआधी औषध देतो. तेव्हा उत्तरात रस आहे.

डॉ. खूरटाप
सुंठसाखर, गोळीचं नाव लिहिलं नाहीत, पण डोळ्यावरच्या पडद्याच्या वर्णनावरून एसप्रोमाझिन असावं असा अंदाज. आमच्या धंद्यात दिवाळीला वर्षानुवर्षं हेच दिलं गेलं. मालकाला परिणाम डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे मालक खूश.

घोळ असा की ते अंग पाडतं, भीती पाडत नाही. कुत्रा हलत नाही कारण त्याच्याच्याने हलवत नाही. कान चालू असतात. काही कुत्री तर त्या अमलात आवाजाला जास्त दचकतात. म्हणून फटाक्यांसाठी नुसतं हे औषध देऊ नका, असं प्राण्यांच्या वर्तनाचे तज्ज्ञ कधीपासून सांगताहेत. अमेरिकेत २०१६ साली खास आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडीनची हिरडीला लावायची जेल बाजारात आली. अल्प्राझोलामसारखी बेन्झो (म्हणजे बेन्झोडायझेपिन) गटातली औषधंही वापरतात, ती भीतीही उतरवतात आणि त्या वेळचं लक्षातही कमी राहतं.

यामागचं मेंदूतलं राजकारण उंदीरमामी सांगतील. आमचं ज्ञान गोठ्यापुरतं.

उंदीरमामी
हाक मारलीत म्हणून आले.

सुंठसाखर, तुम्हाला बहुतेक मिडाझोलम दिलं असणार. तेही बेन्झोच. त्याचा अंमल असेपर्यंत जे घडतं त्याची नोंद मेंदूत होत नाही. घरून निघालात, रिक्षात बसलात, नर्सने नाव विचारलं, हे सगळं आठवत असेल बघा. ते औषधाच्या आधीचं.

एसप्रोमाझिन त्या जातकुळीतलं नाही. ते क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचं भावंड, मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहकाची वाट अडवणारं. क्लोरप्रोमाझिन नवं होतं तेव्हा, १९५० च्या दशकात, अशा औषधांची पारख उंदरांवर एका साध्या मांडणीत व्हायची. घंटा वाजते, थोड्या वेळाने पायाखालच्या सळ्यांतून शॉक येतो, खांबावर चढलं की सुटका. उंदीर लवकरच नुसत्या घंटेला चढायला शिकतो. औषध दिलं की घंटेला ढिम्म बसून राहतो, पण शॉक बसला की चढतो. म्हणजे पाय शाबूत आहेत, वेदना कळते आहे. आणि औषध उतरलं की पुन्हा घंटेलाच खांबावर. शिकलेलं सगळं जागच्या जागी होतं, त्यावर हालचाल करण्याची निकड तेवढी गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार, भीती गेली.

गोट्याचं हेच झालं असणार. आवाज येत होते, आत धडकी भरत होती, पळता येत नव्हतं.

सुंठसाखर
बाप रे. हे वाचून पोटात गोळा आला.

पाणचक्की
गोट्यासाठी सगळ्यांच्या पोटात गोळा, आणि त्याच उत्तरासाठी सळ्यांवर शॉक खाणाऱ्या उंदराचं काय? नुसतं विचारतोय.

उंदीरमामी
@पाणचक्की, प्रश्न रास्त आहे, त्यावर सवडीने लिहिते.

आधी बोरघाटांच्या मांजरीसाठी थोडं. आपण 'आठवण' एकच धरून चालतो आणि औषधाने ती गेली की राहिली असं विचारतो. प्राण्यांत हे सरळ सरळ वेगळं करून दाखवता येतं. जागेची आठवण वेगळी, सवयीची वेगळी, भीतीची वेगळी, आणि आत्ता हातात असलेलं काम डोक्यात धरून ठेवणं हे आणखी वेगळं. एकाच औषधाने यातलं एक कोलमडतं आणि दुसऱ्याला धक्काही लागत नाही.

मी स्वतः ज्यात वर्षं घातली ते पाण्याचं टाकं सांगते. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. मोठं गोल टाकं, पाणी दुधाच्या पावडरीने किंवा बिनविषारी पांढऱ्या रंगाने गढूळ केलेलं. पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा प्लॅटफॉर्म, वरून दिसत नाही. उंदीर पोहतो उत्तम, पण त्याला पोहायला आवडत नाही. पहिल्या दिवशी तो भिंतीला अंग घासत गोल गोल फिरतो, नाक तेवढं वर, मिशा चिकटलेल्या. कधीतरी चुकून पायाखाली प्लॅटफॉर्म लागतो, मग वर चढून मागच्या पायांवर उभा राहून चहूकडे बघून घेतो. खोलीतलं कपाट, दार, भिंतीवर चिकटवलेला कागद. काही दिवसांत त्याला कुठूनही सोडा, तोंड वळवून सरळ रेषेत तिथेच जातो. मला पहिल्यांदा ती सरळ रेघ संगणकावर उमटलेली दिसली तेव्हा टाळी वाजवली होती.

१९८६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी एपी-५ नावाचं द्रव्य उंदरांच्या मेंदूत सोडलं. ते एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, अडवतं. हे उंदीर लपलेल्या प्लॅटफॉर्मची जागा नीट शिकू शकले नाहीत, पण डोळ्यांना दिसणारा फरक ओळखून योग्य बाजू निवडणं शिकले. डॉक्टरसाहेब ज्या केटामिनने जनावरं आडवी करतात तेही याच रिसेप्टरवर काम करतं.

डॉ. खूरटाप
केटामिन आणि झायलाझिन. बिबट्या पकडताना डार्टमध्ये बहुधा हीच जोडी. जुन्नर भागात दोन हजार एक-दोनच्या सुमारास बिबटे पकडून लांब सोडायचे, त्यातून माणसांवरचे हल्ले उलट वाढले, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आलंय. लोक मला विचारतात, भूल दिली तर त्याला आपलं गाव कसं आठवतं? अहो, भूल आज दिली. गाव तो जन्मापासून ओळखतो. मामींनी रिक्षाचं सांगितलं तेच.

काजूबोंड
विसरण्याचा विषय आहे तर धोतऱ्याला विसरून कसं चालेल? आमच्याकडे महादेवाला वाहतात आणि त्याच धोतऱ्याच्या बिया चहातून देऊन रेल्वेत लुटायचे. शुद्धीवर आलेल्याला कोणी चहा दिला तेही सांगता येत नसे. जनावरं मात्र सहसा तोंड लावत नाहीत.

उंदीरमामी
@काजूबोंड, नेमकं बोट ठेवलंत. धोतऱ्यात स्कोपोलामिन असतं, आणि उंदराला 'विसराळू' करायचं तर प्रयोगशाळेत आजही पहिला हात त्याच बाटलीकडे जातो. ते अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहकाचे मस्करिनिक जातीचे रिसेप्टर बंद करतं. पाण्याच्या टाक्यात शिकताना दिलं की उंदीर पुन्हा भिंतीकडेने गोल गोल. गंमत म्हणजे आधीच पक्कं शिकून झालेलं त्याने तितकंसं बिघडत नाही, नवीन शिकणं बिघडतं.

पण इथे एक चकवा आहे. धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात. उंदराला धड दिसतच नसेल तर तो विसरला की आंधळ्यासारखा झाला? म्हणून मिथाइल-स्कोपोलामिन वापरून पाहतात. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही, डोळ्यावर आणि आतड्यावर मात्र तोच परिणाम. त्याने उंदीर चुकला नाही आणि साध्या स्कोपोलामिनने चुकला, तरच मी आठवणीचं नाव घेईन. हे न करता छापलेले निबंध ढिगाने आहेत.

तिसरं_सेमिस्टर
मामी, आमची दुखरी नस दाबलीत. एम.फार्म करतोय. आमच्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी एक पाला आणतं, त्याचा अर्क काढतं आणि 'स्कोपोलामिनने झालेल्या विस्मृतीवर' त्याचा परिणाम बघतं. जमिनीपासून उंचावरचा अधिक चिन्हासारखा लाकडी रस्ता, दोन फाटे उघडे, दोन बंद. उघड्या टोकाला उंदीर ठेवायचा, तो बंद फाट्यात किती सेकंदांत शिरतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. दुसऱ्या दिवशी कमी सेकंद लागले तर स्मरणशक्ती वाढली. तुलनेला पिरॅसिटाम, स्मरणशक्तीसाठी म्हणून दिलं जाणारं औषध. आजवर आमच्या विभागात स्मरणशक्ती न वाढवणारा पाला सापडलेला नाही.

फुकटसल्ला
हहपुवा! गाजरगवताचाही अर्क काढून बघा. महाराष्ट्राचा गणिताचा निकाल सुधारेल.

सोलकढी२०
थट्टा बाजूला, पण ब्राह्मीला त्या रांगेत बसवू नका. आमच्या आजीने आम्हा सगळ्या भावंडांना ब्राह्मी दिली, आणि माझ्या माहितीप्रमाणे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यावर उंदरांमध्ये काम झालंय.

उंदीरमामी
झालंय, आणि बरं झालंय. १९८० च्या दशकापासून तिथे ब्राह्मीच्या अर्कावर आणि त्यातल्या बॅकोसाइड्सवर अभ्यास झाले, उंदीर शॉक चुकवायला लवकर शिकले असं दिसलं. पण सोलकढीताई, शॉक चुकवायला लवकर शिकणं ही एका प्रकारची शिकवण. त्यावरून पाढे लवकर पाठ होतील असं म्हणायला मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. भीतीवर चालणारी आठवण वाढवणं तसं सोपं असतं.

आठवण वाढवण्याचा सगळ्यात जुना उद्योग तर कुचल्यावर झालाय. कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बिया, त्यातलं स्ट्रिक्निन. कार्ल लॅश्लींनी १९१७ मध्ये उंदरांना अगदी थोडं स्ट्रिक्निन देऊन पाहिलं, ते भुलभुलैया लवकर शिकले. कोणी घरी करू नका, विष आहे ते. चाळीसेक वर्षांनी जेम्स मॅकगॉ यांनी हे पुन्हा हातात घेतलं आणि पुढे एक फार हुशार गोष्ट केली: औषध शिकण्याच्या नंतर दिलं. शिकताना उंदीर कोरा, दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वेळीही कोरा, फक्त मधल्या काळात मेंदूत औषध. तरीही आठवण सुधारली. म्हणजे शिकून झाल्यावरही काही काळ ती पक्की होत असते, आणि तेवढ्या वेळात तिला हात लावता येतो. काही तास उशिरा दिलं तर उपयोग नाही.

निवांत_नागपूरकर
मामी, बारावीच्या पोट्ट्यांना हे सांगू नका बावा. पेपर देऊन आल्यावर काहीतरी घेत बसतील.

टोरांटोची_ताई
इथे कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, माझ्या ऑफिसातले निम्मे लोक शनिवार-रविवार त्यातच असतात. एकाला मी विचारलं, तर म्हणाला, "जुनं सगळं आठवतं, पण वाक्य सुरू केलं की शेवट कुठे करायचा होता ते जातं." हे उंदरांतही दिसतं का?

उंदीरमामी
हुबेहूब. त्यासाठी आठ फाट्यांचा चक्रव्यूह असतो, डेव्हिड ओल्टन यांनी १९७६ मध्ये वापरात आणलेला. मधे गोल चौक, आठ दिशांना आठ बोळ. समजा चारच बोळांच्या टोकाला खाऊ ठेवला. ज्या बोळात कधीच खाऊ नसतो तिथे उंदीर गेला तर ती कायमच्या माहितीची चूक. आत्ताच खाऊन आलेल्या बोळात पुन्हा शिरला तर ती चालू कामाच्या आठवणीची चूक. गांजातलं टीएचसी दिलेला उंदीर दुसऱ्या प्रकारच्या चुका करतो. कुठल्या बोळांत खाऊ असतो ते पक्कं ठाऊक, आपण कुठून जाऊन आलो ते ठाऊक नाही.

२०१२ मध्ये 'सेल' या विज्ञान नियतकालिकात एक निबंध आला, तो मला फार आवडतो. टीएचसी ज्या सीबी-१ रिसेप्टरवर बसतं तो चेतापेशींत असतो, तसाच त्यांच्या शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींतही असतो. चेतापेशींतला काढला तरी उंदीर टीएचसीने गोंधळला. अ‍ॅस्ट्रोसाइटमधला काढला, तर गोंधळला नाही. इतकी वर्षं सगळे चेतापेशींकडे बघत होते!

आणि म्हाताऱ्या मंडळींसाठी: २०१७ मध्ये बॉन आणि जेरुसलेमच्या गटाने १२ आणि १८ महिन्यांच्या उंदरांना २८ दिवस रोज अगदी कमी टीएचसी दिलं, त्यांची कामगिरी सुधारली. तोच डोस तरुण उंदरांना दिला तर बिघडली.

निवांत_नागपूरकर
हा निबंध आमच्या बाबांना दाखवू नका.

बोरघाट
आमचे एक मामा होते. पिऊन आले की किल्ली कुठेतरी ठेवायचे, सकाळी घर डोक्यावर. संध्याकाळी दोन पेग पोटात गेले की उठून सरळ देव्हाऱ्यामागून काढून आणायचे. मामी म्हणायची, ढोंग आहे सगळं.

उंदीरमामी
ढोंग असेलही, मामींना जास्त माहीत! पण असं खरंच होतं. डोनाल्ड ओव्हर्टन यांनी १९६४ मध्ये पेंटोबार्बिटाल या गुंगीच्या औषधाच्या अमलात उंदरांना इंग्रजी टी-आकाराच्या रस्त्यात एका बाजूला वळायला शिकवलं. कोऱ्या अवस्थेत सोडलं तर शिकलंच नसल्यासारखे वागले. पुन्हा औषध दिलं, लगेच बरोबर वळले. शरीराची ती अवस्था हीच आठवणीची खूण होऊन बसते.

डॉ. खूरटाप
मग मामी, यावरून माझा प्रश्न. कुत्र्याला हळू आवाजातले फटाके ऐकवायचे, सोबत खाऊ द्यायचा, हळूहळू आवाज वाढवायचा, ही पद्धत आम्ही सांगतो. काही मालक म्हणतात, आधी गोळी द्या मग ऐकवतो, म्हणजे शांत राहील. मला ते पटत नाही, पण नेमकं का पटत नाही ते सांगता येत नाही.

उंदीरमामी
तुमची शंका बरोबर आहे. मार्क बाउटन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हेच तपासलं. उंदरांची भीती बेन्झोच्या अमलात घालवली, दोन वेगवेगळी औषधं वापरून. अंमल असताना भीती गेली. औषधाविना पाहिलं, भीती हजर. 'आता धोका नाही' हे जे शिकले ते त्या अवस्थेला बांधलं गेलं होतं.

भीती जाणं म्हणजे जुनी आठवण पुसणं नव्हे, त्यावर दुसरी शिकवण बसवणं. दोन्ही मेंदूत राहतात. २००२ मध्ये सीबी-१ नसलेल्या उंदरांवर काम झालं: भीती नेहमीसारखी शिकले, पण ती घालवायची वेळ आली तेव्हा अडकले. म्हणजे शिकणं आणि सोडणं यांची मेंदूतली यंत्रणा एकच नाही.

सोलकढी२०
भीती सोडायला मदत करणारं औषध नाहीच का मग?

उंदीरमामी
एक आहे, आणि ते आपल्याकडे चक्क टीबीच्या औषधांत मोडतं. सायक्लोसेरिन. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत देतात, त्याने मन:स्थिती बिघडते म्हणून डॉक्टर लक्ष ठेवून असतात. २००२ मध्ये मायकेल डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं की भीती घालवण्याच्या सत्राच्या आसपास ते दिलं तर उंदरांची भीती लवकर उतरते. पुढे उंचीला घाबरणाऱ्या माणसांवरही वापरून पाहिलं, सुरुवातीला फार आशा होती, पुढच्या अभ्यासांत परिणाम लहान निघाला.

त्याची उलटी बाजूही आहे. २००६ मध्ये केंब्रिजच्या गटाला दिसलं की भीतीची नुसती थोडीशी आठवण करून दिली आणि सत्र अर्धवट सोडलं, तर हेच औषध भीती घट्ट करतं. ज्या शिकवणीचं पारडं त्या क्षणी जड, तिला ते बळ देतं.

सुंठसाखर
समजतंय थोडं थोडं. म्हणजे आता गोट्याला गोळी न देता हळू आवाजापासून सुरू करायचं, आणि प्रत्यक्ष दिवाळीच्या रात्री भीती उतरवणारं काहीतरी डॉक्टरांकडून घ्यायचं. असंच ना?

डॉ. खूरटाप
असंच. सुरुवात दिवाळीच्या बऱ्याच आधी करा, ऐन वसुबारसेला नाही. आवाज इतका हळू की तो कान टवकारेल पण खाऊ सोडणार नाही. खाऊ सोडला की आवाज जास्त झाला. बाथरूमचा कोपरा काढून घेऊ नका, तिथेच चादर घाला, त्याने निवडलेली जागा आहे. गोळी कोणतीही ठरो, एखाद्या शांत दिवशी डॉक्टरांना विचारून तपासून घ्या, कारण बेन्झोने काही कुत्री शांत व्हायची सोडून उंडारतात.

आमच्याकडे असंही सांगतात की मोठा धमाका होऊन गेल्यावर लगेच बेन्झो दिलं तरी त्या प्रसंगाची आठवण कमी राहते.

उंदीरमामी
यावर मी भांडणार. बेन्झो आधी दिलं तर पुढचं नोंदलं जात नाही, हे उंदरांत आणि माणसांत पक्कं आहे. आधी घडून गेलेलं त्याने पुसलं जातं असं म्हणायला आधार लंगडा आहे. धमाक्यानंतर दिल्याचा फायदा होत असेल तर तो पुढच्या धमाक्यांसाठी.

डॉ. खूरटाप
मालकाच्या दृष्टीने फरक काय पडतो? दिवाळीत एक धमाका होऊन थांबतो कुठे.

उंदीरमामी
मालकाला नाही पडत. मला पडतो.

पाणचक्की
सवड झाली का मामी?

उंदीरमामी
झाली. शॉकचे प्रयोग मी स्वतः केलेले नाहीत, पण त्यावर उभं असलेलं ज्ञान मी रोज वापरते, तेव्हा हात वर करून मोकळी होणार नाही. आज आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या नैतिकता समितीसमोर मांडावा लागतो. किती उंदीर, का तितकेच, त्रास कुठवर, शेवट कसा, सगळं आधी लिहून. बऱ्याचदा समिती संख्या कमी करायला लावते. त्यातून आपल्याला दुखत नाही असं नाही. ज्या हातांनी रोज उचलले त्याच हातांनी शेवटचं इंजेक्शन द्यायचं. माझ्या एका सहकाऱ्याने त्यापायी क्षेत्र सोडलं.

पण गोट्याला चुकीचं औषध का देऊ नये, हे त्या उंदरांमुळेच कळलं, हेही तितकंच खरं.

पाणचक्की
कळलं असेल. पण पाल्याचा अर्क घेऊन स्टॉपवॉच लावणाऱ्या दर वर्षीच्या प्रयोगांतून नवीन काय कळतं, तेही समितीने विचारावं. माझा आक्षेप त्याला जास्त आहे.

तिसरं_सेमिस्टर
@पाणचक्की, त्या प्रयोगाचा एक कर्ता इथेच आहे, आणि अनुमोदन.

मधपोळं
रच्याकने, कोणी मधमाश्यांचं कसं नाही काढलं? कॉफीच्या आणि लिंबू-संत्रा वर्गातल्या काही फुलांच्या मधुरसात किंचित कॅफीन असतं, माशीला कडू लागणार नाही इतकंच. जेराल्डिन राइट यांच्या गटाने २०१३ मध्ये माश्यांना एका वासासोबत गोड पाणी दिलं, काहींच्या पाण्यात कॅफीन. चोवीस तासांनी तो वास ओळखून सोंड बाहेर काढणाऱ्या माश्या कॅफीनवाल्यांत तिप्पट निघाल्या. झाडाने गिऱ्हाईक बांधून घेतलंय.

निवांत_नागपूरकर
संत्र्याचं नाव निघालं, धागा सुफळ झाला! बाकी कॉफीवर कोळी वेडंवाकडं जाळं विणतो, तो फोटो कोणीतरी टाका.

उंदीरमामी
ते पीटर विट यांचं १९४८ पासूनचं काम, १९९५ मध्ये नासानेही तसंच करून पाहिलं. पण जाळं कोळ्याला शिकावं लागत नाही, त्यामुळे ते आठवणीच्या खात्यात येत नाही.

निवांत_नागपूरकर
बरं, मग नीमच-मंदसौरकडचे पोपट? अफूची बोंडं खायला दर वर्षी शेतात येतात, नाद लागलाय त्यांना, अशा बातम्या येतात. जागा तर आठवतेच ना त्यांना?

उंदीरमामी
जागा आठवते यात शंका नाही, पण पेरूची बाग आठवणाऱ्या पोपटालाही आपण पेरूचं व्यसन लागलं म्हणत नाही. उंदरांत हे तपासायची रीत आहे: दोन वेगळ्या रंगाच्या खोल्या, एकीत मॉर्फिन, दुसरीत मिठाचं पाणी. काही दिवसांनी दोन्ही दारं उघडी ठेवून, काहीही न देता, तो कुठे जाऊन बसतो ते बघायचं. मॉर्फिनच्या खोलीत बसतो. नीमचच्या पोपटांची अशी परीक्षा झालेली माझ्या वाचनात नाही.

तिसरं_सेमिस्टर
मामी, एक शेवटचं. माझा सिनॉप्सिस या महिन्यात जायचाय. मिथाइल-स्कोपोलामिनचा गट घालायचा म्हटलं तर गाईड म्हणतात उंदीर वाढतील, समिती मान्य करणार नाही.

उंदीरमामी
अर्काच्या तीन डोसांऐवजी दोन ठेव, तेवढे उंदीर या गटाला पुरतील. समितीला लिहून दे की हा गट नसेल तर बाकीच्या गटांच्या निकालाचा अर्थच लावता येणार नाही. आणि सेकंद मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलंय ते कळू देऊ नकोस. मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठव, रविवारी बघते.